नाईल नदीतल्या बेटावरचे देऊळ

एक फुटके खापर आहे. त्यावर शाईने घाईघाईत लिहिलेल्या चार-दोन ओळी आहेत. लिहिणारा इस्लाह नावाच्या कोणा ओळखीच्या माणसाला बजावतो आहे, की उद्या भाजीपाला पाठवतो आहे. उद्या शब्बाथ आहे, तरी होडीवर जा आणि माल ताब्यात घे. माल गहाळ झाला तर यहूच्या जिवाची शपथ, तुझा जीव घेईन! शिवाय अमक्यावर आणि तमक्यावर विसंबून राहू नकोस, हेही सांगायला तो विसरत नाही.

झाले, एवढाच मजकूर. पण हे खापर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहे आणि लिहिणारा यहुदी आहे. शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, आपला शनिवार. त्या दिवशी काम करायचे नाही, ओझे वाहायचे नाही, असा धर्माचा दंडक. मग हा गृहस्थ शब्बाथलाच भाजी उतरवून घ्यायला कसा सांगतो? काही अभ्यासक म्हणतात, या लोकांना शब्बाथचे विशेष काही वाटत नसावे. मला स्वतःला उलटे वाटते. साध्या भाजीसाठी देवाची शपथ घालावी लागते, जीव घेण्याची धमकी द्यावी लागते, त्या अर्थी एरवी त्या दिवशी कोणी धक्क्यावर फिरकत नसले पाहिजे. काही असो, भाजी पोहोचली की नदीत गेली हे आता कळायला मार्ग नाही.

प्राचीन काळचे यहुदी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मोशे, सीनाय पर्वत, दावीद राजा, यरुशलेमचे मंदिर. ही सारी चित्रे बायबलमधली. पण बायबल हा पिढ्यान्‌पिढ्या घडवलेला ग्रंथ आहे. त्यात राजे आहेत, संदेष्टे आहेत, कायदा आहे. त्या काळचा साधा संसारी यहुदी, ज्याला घर घ्यायचे आहे, मुलीचे लग्न करायचे आहे, सणाची तारीख विचारायची आहे, असा माणूस त्याच्या स्वतःच्या अक्षरात भेटतो का? भेटतो, पण यरुशलेममध्ये नाही. तिथून सरळ रेषेत मोजले तरी जवळजवळ नऊशे किलोमीटर दूर, इजिप्तच्या दक्षिण टोकाला, नाईल नदीतल्या एका बेटावर.

आज जिथे अस्वान शहर आहे, त्याच्या समोर नदीच्या मधोमध हे बेट आहे. ग्रीकांनी त्याला एलिफंटाइन म्हटले. आपले यहुदी त्याला येब म्हणत. दोन्ही नावांच्या मुळाशी हत्ती आणि हस्तिदंत आहे, कारण आफ्रिकेतला हस्तिदंत याच वाटेने इजिप्तमध्ये येई. बेटाच्या वरच्या अंगाला नदी काळ्या खडकांतून फेसाळत उतरते, होड्यांना तिथून सरळ जाता येत नाही. इजिप्तची सरहद्द ती हीच. सरहद्द म्हटली की ठाणे आले, ठाणे म्हटले की शिबंदी आली. इजिप्तवर इ. स. पू. पाचव्या शतकात इराणच्या बादशहाची सत्ता होती, आणि येबच्या ठाण्यातली शिबंदी होती यहुद्यांची. सरकारी कागदांत त्यांना ‘यहुदी सैन्य’ असेच म्हटले आहे. पगार चांदीत मिळे आणि शिधा धान्यात. बायकापोरांसह घरे करून ते तिथे राहत. काही घराणी पिढीजात तिथलीच होती.

ते लिहीत अरामी भाषेत. आपल्या दख्खनच्या दरबारांत एकेकाळी फार्सी होती ना, तसे इराणी साम्राज्याच्या कचेऱ्यांत अरामी चाले. लिहायला पपायरस, म्हणजे नाईलकाठच्या लव्हाळ्यासारख्या झाडाच्या गाभ्यापासून केलेला कागद. आणि किरकोळ चिठ्ठीचपाटीला फुटक्या मडक्याची खापरे. अस्वानकडे पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्या कोरड्या मातीत हे कागद टिकले. घरमालकांनी महत्त्वाचे दस्त गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वर मातीची मोहोर लावून जपून ठेवले होते. काही तसेच्या तसे सापडले.

सापडण्याची कथाही मोठी गमतीची आहे. चार्ल्स एडविन विल्बर या अमेरिकन गृहस्थाने १८९३ साली अस्वानला काही गुंडाळ्या विकत घेतल्या. तीन वर्षांनी तो पॅरिसमध्ये वारला आणि गुंडाळ्या त्याच्या सामानाच्या पेटीत तशाच पडून राहिल्या. पेटी अखेर मुलीकडे आली, मुलीच्या मृत्युपत्राने गुंडाळ्या १९४७ साली ब्रुकलिनच्या संग्रहालयाकडे गेल्या आणि १९५३ साली त्या छापून निघाल्या. तोवर मागून सापडलेले कागद केव्हाच प्रसिद्ध झाले होते! १९०४ साली अस्वानच्या बाजारात आलेले कागद दोनच वर्षांत छापले गेले, आणि १९०६ पासून जर्मन संशोधकांनी बेटावर खोदकाम करून सर्वांत मोलाचा ठेवा बाहेर काढला. तो काय, ते पुढे सांगतो.

आधी विल्बरच्या पेटीतल्या कुटुंबाची ओळख करून घ्या. कुटुंबप्रमुखाचे नाव अनन्या. आपल्याकडे आता हे मुलीचे नाव झाले आहे. हा मात्र चांगला बाप्या माणूस, अजऱ्याचा मुलगा, आणि येबच्या देवळातला सेवेकरी. देवळातला म्हणजे यहूच्या देवळातला. यहू हे त्यांच्या देवाचे नाव. बायबलमधला यहोवा तो हाच.

इ. स. पू. ४४९ मध्ये अनन्याने लग्न केले. मुलीचे नाव तामेत. ती इजिप्शियन, आणि मशुल्लाम नावाच्या यहुद्याची दासी. अनन्या मशुल्लामकडे गेला, तिला मागणी घातली, आणि रीतसर दस्त झाला : ती माझी बायको, मी तिचा नवरा. तामेतने सासरी काय आणले याची यादी दस्तात आहे. लोकरीचे एक वस्त्र, एक आरसा, चपलांचा एक जोड, थोडे तेल. सगळ्याची किंमत सात शेकेल चांदी. लग्नानंतरही ती दासीच राहिली. धन्याचा तिच्यावरचा हक्क सुटला नव्हता. दोघांना मुलगा झाला, पुढे यहोयिश्मा नावाची मुलगी झाली. कायद्याने ती मुलगीही मशुल्लामच्याच मालकीची. अखेर इ. स. पू. ४२७ मध्ये, म्हणजे लग्नाला बावीस वर्षे झाल्यावर, म्हाताऱ्या मशुल्लामने मायलेकींना मुक्त केले. अट एवढीच, की त्या दोघींनी त्याची आणि त्याच्या पश्चात त्याच्या मुलाची, मुलांनी आईबापांची करावी तशी, सेवा करावी. सात वर्षांनी यहोयिश्माचे लग्न ठरले, तेव्हा मशुल्लामच्या मुलाने तिला बहीण म्हणून उजवले. दागदागिने, कपडेलत्ते, भांडीकुंडी मिळून तिच्याबरोबर सुमारे ७८ शेकेलचा ऐवज गेला. आईचे सात, लेकीचे अठ्ठ्याहत्तर!

या लग्नाच्या दस्तांत आणखी एक कलम आहे, ते पाहून आजचा वाचकही थबकेल. नवऱ्याने भरसभेत उभे राहून ‘मला ही नको’ असे म्हटले तर त्याला सोडचिठ्ठीचा भुर्दंड द्यावा लागे; आणि हाच अधिकार बायकोलाही होता. तीही सभेत उभी राहून ‘मला हा नवरा नको’ म्हणू शके, भुर्दंड भरून आपले आणलेले घेऊन हवे तिथे जाऊ शके. पुढच्या काळातल्या यहुदी धर्मशास्त्रात सोडचिठ्ठी देण्याचा अधिकार नवऱ्याकडेच राहिला. येबच्या बायका त्या बाबतीत नशीबवान म्हणायच्या.

लग्नानंतर बारा वर्षांनी, इ. स. पू. ४३७ मध्ये, अनन्याने चौदा शेकेलला एक पडके घर विकत घेतले. विकणारा यहुदी नव्हे. कॅस्पियन समुद्राकडचा, शिबंदीतलाच शिपाई. दस्तात आपल्या खरेदीखतांसारखी चतुःसीमा दिली आहे. एका बाजूला शेजाऱ्याचे घर, एकीकडे सरकारी कोठार, एकीकडे ख्नूम देवाची वस्ती, आणि उरलेल्या बाजूला राजरस्ता व त्याच्या पलीकडे यहूचे देऊळ.

ही चतुःसीमा वाचताना बोट ठेवायला हवे ते शेवटच्या दोन बाजूंवर. ख्नूम हा येबचा मूळचा इजिप्शियन देव, मेंढ्याच्या मस्तकाचा, नाईलच्या पुराचा स्वामी. त्याची वस्ती आणि यहूचे देऊळ यांच्या मध्ये एका सेवेकऱ्याचे घर. त्याची बायको इजिप्शियन. गावात कॅस्पियन, बाबिलोनी, अरामी असे नाना लोक. एका खटल्यात मिबताह्या नावाच्या यहुदी बाईने एका इजिप्शियन माणसाशी वाद पडला असता सती या तिथल्या देवीची शपथ घेतली, असाही कागद आहे. (ही सती म्हणजे आपली नव्हे, खळाळाची रक्षणकर्ती इजिप्शियन देवता.) देवळासाठी वर्गणी गोळा झाली, त्याची लांबलचक यादी मिळाली आहे. डोई दोन शेकेल. देणाऱ्यांत बायकांची नावे पुष्कळ. पण शेवटी जमाखर्चात यहूच्या वाट्याबरोबर एशेम-बेथेल आणि अनात-बेथेल या दोन देवतांचे वाटेही मांडले आहेत. एकच देव मानावा, हा यहुदी धर्माचा कणा; तो इथे काहीसा वाकलेला दिसतो.

आणि मुख्य अडचण तर पुढेच आहे. यरुशलेमच्या धर्मशास्त्राप्रमाणे असे देऊळ मुळात असायलाच नको होते. अनुवादाच्या पुस्तकात स्पष्ट आज्ञा आहे, की होमबली वाहायचा तो देवाने निवडलेल्या एकाच ठिकाणी, भलत्यासलत्या जागी नाही. योशिया राजाने इ. स. पू. ६२२ च्या सुमारास याच तत्त्वावर गावोगावची पूजास्थाने मोडून टाकली होती. आणि इथे येबला दगडी खांबांचे, पाच चिरेबंदी दरवाज्यांचे, पितळी बिजागऱ्यांच्या कवाडांचे, देवदाराच्या छपराचे देऊळ उभे, त्यात वेदी, आणि वेदीवर पशूंचा होम! येबच्या लोकांना याचा संकोच वाटत होता असे त्यांच्या कागदांत कुठेही दिसत नाही. त्यांच्या कागदांत मोशेचे नाव नाही, अब्राहामाचे नाही, धर्मग्रंथाचे एक पानही नाही. अहीकार नावाच्या शहाण्या प्रधानाची गोष्ट आहे, बादशहाच्या पराक्रमाच्या लेखाची नक्कल आहे. पण तोरा नाही. त्यांचा धर्म पोथीतला नव्हता, वहिवाटीतला होता. वडील करीत होते तसे आपण करायचे.

वहिवाटीच्या धर्मात पंचाईत येते ती तिथीवाराची. वल्हांडण, म्हणजे बेखमीर भाकरीचा सण, नेमका कधी धरायचा? एका खापरावर एक माणूस घरी विचारतो आहे, की तुम्ही वल्हांडण केव्हा करणार ते मला कळवा. आणि इ. स. पू. ४१९ मधले एक पत्र आहे. हनन्या नावाच्या कोणा बड्या यहुद्याने येबचा पुढारी यदन्या याला धाडलेले. कागद फाटला आहे, पण उरलेल्या तुकड्यांतून हुकूम वाचता येतो. बादशहाकडून सुभेदाराला काही कळवले गेले आहे, असा आरंभीच उल्लेख. मग सूचना : चौदा दिवस मोजा; निसान महिन्याच्या पंधरा तारखेपासून एकवीसपर्यंत सण पाळा; शुद्ध राहा; काम करू नका; खमीर घातलेले काही खाऊ नका, आणि घरात असेल ते खमीर आपल्या कोठडीत ठेवून मोहोरबंद करा.

ही शेवटची सूचना ऐकून बायबल जाणणारा माणूस चमकतो. बायबलात सांगितले आहे, की त्या सात दिवसांत खमीर घरात दिसताही कामा नये. हनन्या म्हणतो, कोठडीत कोंडून ठेवा. मला मात्र हे वाचताना कोकण आठवले. आपल्या कुलाबा जिल्ह्यातले, आताच्या रायगडमधले, बेने इस्राएल लोक शतकानुशतके यहुदी जगापासून तुटून राहिले. जवळ ग्रंथ नव्हता, १७९६ पर्यंत सभास्थान नव्हते. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. वसंतातल्या या सणाचे हिब्रू नाव ते विसरून गेले. पण सण उरला, आणि त्याचे मराठी नाव पडले ‘अनशी ढाकायचा सण’. घरात आंबट पातळ तोंडी लावण्याचे भांडे असे, ते त्या दिवसांत झाकून ठेवायचे. येबचा आणि कोकणचा काही संबंध होता असे माझे म्हणणे नाही. दोहोंमध्ये काळाचे आणि सागराचे अंतर आहे. पण ग्रंथ हाताशी नसताना धर्म कुठे टिकतो, ते दोन्हीकडे सारखेच दिसते : झाकलेल्या मडक्यात, बंद ठेवलेल्या घाण्यात.

असो. हनन्याचे येणे येबला मानवले नाही. एका पत्रात वाक्यच आहे, की हनन्या इजिप्तमध्ये आल्यापासून ख्नूम आमच्या विरोधात आहे. ख्नूम म्हणजे अर्थातच ख्नूमचे पुजारी. का बिनसले असेल? एक तर्क असा, की मेंढा हा ख्नूमचे रूप आणि यहुदी त्याच मेंढ्याला देवळात कापून होमात घालणार. शेजारी वेदीवरचा तो धूर पुजाऱ्यांना किती दिवस सहन व्हावा? दुसरा तर्क साधा, जागेच्या भांडणाचा. ख्नूमच्या पुजाऱ्यांनी ठाण्याच्या मधोमध भिंत घातली, कधी न आटणारी विहीर बुजवली, अशी यहुद्यांची तक्रार आहे. मला वाटते दोन्ही खरे असेल. शेजाऱ्यांची भांडणे एका कारणाने क्वचितच होतात. शिवाय ही शिबंदी परक्या बादशहाची चाकर. इजिप्शियनांच्या मनात इराणी सत्तेविषयी धुमसत असलेला राग हाताशी सापडलेल्या या लोकांवर निघाला, तर त्यात नवल नाही.

इ. स. पू. ४१० च्या उन्हाळ्यात, तम्मूज महिन्यात, सुभेदार अर्शाम बादशहाच्या भेटीला इजिप्त सोडून गेला होता. ती वेळ साधून पुजाऱ्यांनी तिथला अंमलदार विद्रंग याला पैसा चारला. विद्रंगाचा मुलगा नफाईन पलीकडच्या तीरावरच्या फौजेचा सेनापती. बापाने मुलाला लिहिले, की येबमधले ते देऊळ पाडून टाका. नफाईन फौज घेऊन आला. त्यांनी खांब फोडले, पाचही दरवाजे उलथले, कवाडे आणि देवदाराचे छप्पर जाळले, सोन्याचांदीची तस्ते लुटून नेली. राजरस्त्याच्या पलीकडे अनन्याचे घर होते, हे ध्यानात असू द्या. त्या दिवशी तामेत घरात असेल तर तिने हे सारे दारातून पाहिले असेल. पाडणारे तिच्याच जातकुळीचे, आणि पडणारे देऊळ तिच्या नवऱ्याच्या चाकरीचे.

यानंतर जे झाले ते सांगणारा कागद म्हणजे मघाशी म्हटलेला जर्मन संशोधकांचा ठेवा. यदन्या आणि त्याच्याबरोबरचे पुजारी यांनी यहूदा प्रांताचा इराणी अधिकारी बगोही याला लिहिलेला हा अर्ज, तारीख इ. स. पू. ४०७ च्या नोव्हेंबरची. एक नव्हे, त्याचे दोन मसुदे मिळाले आहेत. एकावर खाडाखोड, दुसरा सुधारलेला. गावचा पुढारी रात्री दिव्यापुढे बसून शब्द बदलतो आहे, हे चित्र त्या दोन कागदांमुळे डोळ्यांपुढे उभे राहते.

अर्जात ते म्हणतात : आमच्या वाडवडिलांनी हे देऊळ इजिप्तच्या राजांच्या काळात बांधले. कँबायसिस बादशहा इजिप्तमध्ये आला (हे साल इ. स. पू. ५२५), तेव्हा त्याने ते उभेच पाहिले. इजिप्तच्या देवांची देवळे पाडली गेली. आमच्या देवळाला कोणी हात लावला नाही. देऊळ गेल्यापासून आम्ही बायकापोरांसह गोणपाट नेसतो, उपास करतो. आमच्या बायका विधवांसारख्या झाल्या आहेत. अंगाला तेल लावत नाही, दारू पीत नाही. वेदीवर ना अन्नार्पण, ना धूप, ना होमबली. विद्रंगाची गत काय झाली, त्याचे धन कसे गेले, हेही ते समाधानाने लिहितात. आणि एक गोष्ट दुखऱ्या जागी बोट ठेवावे तशी नोंदवतात : देऊळ पडले तेव्हाच आम्ही आपल्याला, यरुशलेमचे प्रमुख याजक योहानान यांना आणि यहूदातल्या मानकऱ्यांना पत्र धाडले होते. त्यांनी एकाही पत्राचे उत्तर दिले नाही.

उत्तर का दिले नाही? यरुशलेमच्या बाजूने विचार करून पाहा. बाबेलच्या सैन्याने इ. स. पू. ५८६ मध्ये त्यांचे स्वतःचे मंदिर जाळले होते. ते मोठ्या कष्टाने इ. स. पू. ५१५ मध्ये पुन्हा उभे राहिले. देवाचे घर एकच, आणि ते इथे, यावर त्यांचे सारे अस्तित्व उभे. आता दूरच्या सरहद्दीवरचे शिपाई म्हणतात, की आमचे दुसरे घर पडले आहे, ते बांधायला मदत करा. मदत करावी तर शास्त्र मोडते. नको म्हणावे तर आपल्याच माणसांना परक्यांनी तुडवले ते योग्य झाले, असे म्हटल्यासारखे होते. अशा वेळी माणसे जे करतात तेच योहानानने केले. गप्प बसला.

येबचे लोक मात्र गप्प बसणारे नव्हते. त्यांनी दुसरे दार ठोठावले, शोमरोनचे. तिथला अधिकारी सनबल्लट, त्याच्या दलाया आणि शलेम्या या मुलांनाही त्यांनी सारी हकिकत लिहिली. नहेम्याच्या पुस्तकात सनबल्लट म्हणजे यरुशलेमचा तट बांधू न देणारा हाडवैरी. यरुशलेम आणि शोमरोन यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. पण येबला त्याचा पत्ताच नसावा, किंवा गरजवंताला त्याची पर्वा नसावी. दोन्हीकडे अर्ज गेले. बगोहीला तर त्यांनी असेही लिहिले, की हे काम कराल तर हजार टॅलेंट चांदीच्या किमतीचे बळी देणाऱ्यापेक्षा तुमचे पुण्य मोठे ठरेल.

या खेपेला उत्तर आले. औपचारिक पत्र नव्हे. तोंडी निरोपाची टिपून घेतलेली यादी. बगोही आणि दलाया, म्हणजे यरुशलेमकडचा आणि शोमरोनकडचा, दोघांनी मिळून सांगितलेले : अर्शामला सांगा, की स्वर्गीच्या देवाचे ते वेदीचे घर पूर्वी होते तिथेच पुन्हा बांधू द्यावे, आणि त्या वेदीवर पूर्वीप्रमाणे अन्नार्पण आणि धूप वाहू द्यावा.

पुन्हा वाचा. अन्नार्पण आणि धूप. येबने मागितल्या होत्या तीन गोष्टी : अन्नार्पण, धूप आणि होमबली. उत्तरात दोनच आहेत. तिसरीला नकार नाही. तिचे नावच नाही. मोठे चतुर उत्तर! यरुशलेमचा मान राहिला, कारण खरा होमबली आता तिथेच. ख्नूमच्या पुजाऱ्यांचा राग शमला, कारण मेंढा कापला जाणार नाही. आणि येबला देऊळ मिळाले. येबच्या लोकांनी काय समजायचे ते समजून घेतले. पुढचा एक कागद आहे, यदन्यासह पाच जणांच्या नावाचा. त्यात ते वरच्या कोणा अधिकाऱ्याला लिहून देतात, की देऊळ बांधू दिलेत तर मेंढा, बैल, बोकड यांचा होम तिथे होणार नाही. धूप आणि अन्नार्पण एवढेच. शिवाय आपल्या घरी चांदी आणि हजार मापे जव पोहोचते करू. पूर्वजांनी चालवलेली पूजा अर्धी सोडून देताना त्या पाच जणांना काय वाटले असेल, ते कागदात नाही. यादीत फक्त नावे आहेत.

यहुदी धर्माच्या पुढच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला. बळीशिवाय पूजा पुरी होते का? इजिप्तमध्येच इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून यहुद्यांची प्रार्थनागृहे दिसू लागतात. त्यांत वेदी नाही, फक्त प्रार्थना. यरुशलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने पाडले, तेव्हा सगळ्याच यहुद्यांना बळीशिवाय जगावे लागले, आणि प्रार्थना, पोथी व घरातले सण यांवर त्यांनी धर्म उभा केला. येबच्या पाच जणांना यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांना आपल्या गल्लीतले देऊळ परत हवे होते.

ते मिळाले का? इ. स. पू. ४०४ मध्ये इजिप्शियनांनी इराणविरुद्ध बंड केले आणि हळूहळू सारा देश बादशहाच्या हातून गेला. येबचा शेवटचा कागद इ. स. पू. ३९९ च्या सुमाराचा आहे. पुढे त्या शिबंदीचा मागमूस लागत नाही. पण त्याच्या आधीचा एक कागद विल्बरच्या पेटीत निघाला, तो इ. स. पू. ४०२ च्या डिसेंबरचा. म्हाताऱ्या अनन्याने आणि त्याच्या बायकोने आपल्या घराचा उरलेला भाग जावयाला विकला, त्याचे हे खरेदीखत. चतुःसीमा पुन्हा नीट दिली आहे, आणि तीत यहूचे देऊळ आहे. पडक्या जागेचा उल्लेख नाही, देऊळच. विकणाऱ्यांची नावेही रीतीप्रमाणे दिली आहेत : येब ठाण्यात वसणाऱ्या यहू देवाचा सेवेकरी अनन्या, आणि त्याची बायको तामेत. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या दस्तात ती मशुल्लामची इजिप्शियन दासी होती. या दस्तात तिच्या नावापुढे लेखनिकाने लिहिले आहे, यहू देवाची सेवेकरीण.